अटलांटात मिन्यान शोधताना

नोकरीसाठी गाव बदलणाऱ्या माणसाला सल्ल्यांची कमतरता नसते. घर कुठल्या भागात घे, संध्याकाळी पाचनंतर कुठल्या हायवेकडे फिरकू नकोस, इन्शुरन्स कोणाचा काढ. न्यूयॉर्कहून अटलांटाला जायचं ठरलं तेव्हा हे सगळं मलाही ऐकायला मिळालं. पण मला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं कुठल्या घरांच्या एजंटकडे नव्हती. मी ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागायचा आणि भांडणं मराठीत व्हायची. माझं लग्न एका पुरुषाशी झालंय. नवरा ओहायोचा, मेथडिस्ट ख्रिश्चन घरात वाढलेला. देवाचं त्याला फारसं पडलेलं नाही, गाण्याचं मात्र वेड आहे. त्यात 2024 च्या हिवाळ्यात पप्पा गेले आणि मला अकरा महिने कद्दीश म्हणायचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आईवडील गेल्यावर मुलांनी रोजच्या प्रार्थनेत म्हणायचा तो कद्दीश. त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण घरी एकट्यानं बसून तो म्हणता येत नाही. दहा प्रौढ ज्यू जमले पाहिजेत. हा दहांचा जमाव म्हणजे मिन्यान. नऊ असले तर तो दिवस फुकट. आईला फोनवर सांगितलं, शहर बदलतोय, तर तिनं पगार विचारला नाही की थंडी विचारली नाही. "तिथे मिन्यान जमतो का रे?" एवढंच. ठाण्याचं शाआर हाशमाईम सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, 1879 चं आहे, आणि आमची निम्म्याहून जास्त माणसं इस्रायलला निघून गेल्यावर तिथे दहा डोकी मोजणं म्हणजे काय, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलंय.

न्यूयॉर्कच्या मित्रांची चिंता वेगळी होती. "जॉर्जियात? तू? आणि नोकरी गेली तर?" ही भीती उगाच नव्हती. अटलांटाच्या विमानतळाचा मोठा भाग ज्या क्लेटन काउंटीत येतो, तिथेच जेराल्ड बोस्टॉक नोकरीला होते. छळ झालेल्या, दुर्लक्षित मुलांसाठीचं काम. 2013 मध्ये त्यांनी गे लोकांच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये नाव घातलं, आणि पुढे काउंटीनं त्यांना कामावरून काढलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 15 जून 2020 रोजी सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला: समलिंगी असल्यामुळे नोकरीवरून काढणं हे 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं उल्लंघन आहे. म्हणजे आज देशभरातल्या गे नोकरदारांना जे संरक्षण आहे, ते माझं विमान उतरतं त्याच काउंटीतल्या एका माणसामुळे. जॉर्जिया राज्याचा स्वतःचा असा सर्वसाधारण कायदा अजूनही नाही. अटलांटा शहराचा आहे. घर शोधताना शहराची हद्द कुठे संपते ते मी नकाशावर नीट पाहून घेतलं.

कायदा कागदावर होता, पण मी बिघडलो होतो ते न्यूयॉर्कमुळे. तिथे मी ज्या सिनेगॉगमध्ये जायचो ते काँग्रेगेशन बेट सिमखात तोरा, 1973 साली गे ज्यूंनी सुरू केलेलं. पहिल्यांदा चेल्सीतल्या एका चर्चच्या जागेत शुक्रवारी रात्री जमायचे. एड्सच्या काळात त्यांनी इतके सभासद गमावले की जुनी माणसं काही नावं अजून हळू आवाजात घेतात. 2016 मध्ये पश्चिम 30व्या रस्त्यावर स्वतःची जागा झाली. योम किप्पुरला, म्हणजे उपासाच्या मोठ्या सणाला, जॅव्हिट्स सेंटरच्या अवाढव्य हॉलमध्ये हजारो लोक, आणि तिकीट नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण अमेरिकेत बऱ्याच सिनेगॉगमध्ये मोठ्या सणांना सभासद तरी असावं लागतं किंवा तिकीट तरी घ्यावं लागतं. ठाण्याहून आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. असो. सांगायचं हे की तिथे मला कोणी 'स्वीकारलं' नव्हतं. स्वीकारायला समोर दुसरं कोणी नव्हतंच, सगळे माझ्यासारखेच होते. त्याची सवय लागली की बाहेरच्या जगात जरा अवघड जातं.

अटलांटाचा नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. कडवे, शब्बाथला म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी गाडी न चालवणारे ज्यू टोको हिल्समध्ये, चालत सिनेगॉगला जाता येईल अशा अंतरावर. बाकीचे बरेचसे सँडी स्प्रिंग्ज, डनवूडी, ईस्ट कॉब, म्हणजे उत्तरेला. गे मंडळींचं जुनं ठाणं मिडटाऊन, पीडमॉन्ट पार्कच्या आजूबाजूला. आणि मराठी कुटुंबं अल्फारेटा, जॉन्स क्रीक, आणखी वर. मी तिन्हीकडचा, आणि मध्ये 285 नावाचा वर्तुळाकार हायवे, ज्यावर संध्याकाळी वेळ थांबते. सगळं एकाच ठिकाणी मिळण्याची आशा मी त्या नकाशावरच सोडली, आणि बरं झालं सोडली. नव्या गावात जाणाऱ्यांचे निम्मे हाल 'माझी सगळी माणसं एका छताखाली भेटतील' या हट्टातून होतात, असं माझं मत आहे.

सिनेगॉग कुठलं, याचा पहिला अंदाज पंथावरून येतो. रिकन्स्ट्रक्शनिस्ट पंथाच्या रब्बी महाविद्यालयानं 1984 पासून उघडपणे समलिंगी असलेल्यांना प्रवेश दिला. रिफॉर्म रब्बींनी 1990 मध्ये तेच केलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मविधी समितीत डिसेंबर 2006 पर्यंत वाद चालला, आणि तेव्हाही त्यांनी एकमेकांविरुद्धचे निर्णय एकाच दिवशी मान्य केले. ज्या सिनेगॉगला जो पटेल तो त्यानं घ्यावा. हे वाचून मला आपल्या पंचायतीची आठवण झाली. ऑर्थोडॉक्स पंथानं दार उघडलेलं नाही. पण तिथेही माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी एशेल नावाची संस्था 2010 पासून काम करतेय. हे सगळं पाठ असूनही त्याचा उपयोग बेताचाच. एकाच पंथाच्या दोन सिनेगॉगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. वेबसाइटवरच्या इंद्रधनुष्यापेक्षा, म्हणजे गे लोकांच्या झेंड्यापेक्षा, मला सभासदत्वाचा फॉर्म जास्त बोलका वाटला. त्यात 'पती' आणि 'पत्नी' असे रकाने आहेत, की 'प्रौढ 1' आणि 'प्रौढ 2'? ज्यू नसलेल्या जोडीदाराचं नाव कुठे लिहायचं? तो गेल्यावर त्याला आपल्या शेजारी पुरता येईल का? हा शेवटचा प्रश्न मी फोनवर विचारला की पलीकडे क्षणभर शांतता व्हायची. तिथूनच बरंच कळायचं.

पहिल्या भेटीचं मात्र हसू येतं. एक मोठं, श्रीमंत सिनेगॉग. नाव घेत नाही. दारावर अभिमानाचा झेंडा, पाटीवर 'सर्वांचे स्वागत'. दारात बंदूकधारी गार्ड. त्यानं मला थांबवलं. कोणाला भेटायचंय? बॅग उघडा. माझ्या पुढे गेलेल्या गोऱ्या जोडप्याला त्यानं फक्त 'शब्बात शालोम' म्हटलं होतं. राग आला, नाही असं नाही. पण त्या गार्डवर पूर्ण राग काढणंही मला जमत नाही. 27 ऑक्टोबर 2018 ला पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेसाठी आलेली अकरा माणसं मारली गेली. जानेवारी 2022 मध्ये टेक्सासातल्या कॉलीव्हिलच्या सिनेगॉगमध्ये सकाळी एक अनोळखी माणूस आला, रब्बींनी त्याला चहा करून दिला, आणि मग त्यानं पिस्तूल काढून त्यांना नि इतरांना दिवसभर ओलीस धरलं. 2008 साली मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये काय झालं ते तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. अनोळखी माणसाला दार उघडणं ही ज्यूंसाठी आता साधी गोष्ट उरलेली नाही, आणि माझा चेहरा त्यांच्या मनातल्या ज्यूच्या चेहऱ्याशी जुळत नाही. दोन्ही खरं आहे. तेव्हापासून मी कुठेही जायच्या आधी ऑफिसला ईमेल करतो: मी अमुक, अमुक दिवशी येतोय, भारतीय दिसतो, कारण भारतीय आहे.

आत गेल्यावर उलटाच प्रकार झाला. प्रार्थनेनंतरच्या खाण्यापिण्याच्या, म्हणजे किद्दुशच्या टेबलापाशी एका बाईंनी मला खल्ला, म्हणजे शब्बाथचा पाव, काय असतो ते समजावून सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही धर्मांतर कधी केलंत?" मी म्हटलं, आमच्याकडे कोणी धर्मांतर केल्याचं ऐकिवात नाही, परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, तिथपासून आम्ही कोकणात. तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. बाई इतक्या खूष झाल्या की त्यांनी कोणाला तरी हाक मारली. मग आणखी कोणाला तरी. मग कळलं की माझं लग्न पुरुषाशी झालंय. झालं! त्याच दुपारी 'विविधता समिती'च्या चर्चासत्रात बोलायचं आमंत्रण मिळालं. मी एकदा बोललोही. टाळ्या पडल्या. पण पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या कोणालाही माझं नाव आठवत नव्हतं. मी तिथे वाईट वागणुकीची तक्रार करू शकत नाही. सगळे फार गोड होते.

दरम्यान कद्दीशचा प्रश्न तसाच. मोठ्या सिनेगॉगना शनिवारी गर्दी असते, मंगळवारी सकाळी कोण येणार? शोधत शोधत मी एका जुन्या कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेगॉगच्या सकाळच्या मिन्यानपाशी पोचलो. हॉल बाजूचा, छोटा. खुर्च्यांची गादी फाटलेली. बहुतेक माणसं पंच्याहत्तरच्या पुढची: एक निवृत्त दंतवैद्य, एक चपलांच्या दुकानाचे माजी मालक, एक बाई ज्यांनी नवऱ्यासाठी कद्दीश म्हणायला सुरुवात केली आणि तो संपल्यावरही येणं थांबवलं नाही. कोणी हसून स्वागत वगैरे केलं नाही. दंतवैद्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटानं हवेत मोजलं आणि म्हणाले, "आठ. ज्यू आहेस? आहेस. छान, नऊ." मग ते फोन घेऊन दाराबाहेर गेले आणि घरून कोणाला तरी उठवून आणलं. पप्पांचे तेफिलिन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामड्याच्या पट्ट्या नि डब्या, मी दंडाला गुंडाळत होतो. चपलांच्या दुकानवाल्यांनी ते निरखून पाहिले, पट्टा वेगळ्या बाजूनं गुंडाळतोस म्हणाले, आणि पुन्हा आपल्या सिद्दूरमध्ये, प्रार्थनेच्या पुस्तकात, डोकं घातलं. सगळी चौकशी एवढीच.

मला तिथे जे मिळालं ते स्वागत नव्हतं, गरज होती. मी गेलो नाही तर त्या बाईंना त्या दिवशी प्रार्थना पूर्ण करता यायची नाही. एका सोमवारी ताप होता म्हणून गेलो नाही, तर साडेसातला फोन आला, आणि तो "कसा आहेस" विचारायला नव्हता. "कुठे आहेस?" असा होता. आपली हजेरी कोणीतरी घेतंय, याचं मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये इतक्या वर्षांत माझ्या गैरहजेरीवर कोणी चिडलं नव्हतं.

पण त्यांना माझ्या घरचं माहीत नव्हतं. सांगायचं कसं आणि कधी, यावर मी बराच काळ घोळत राहिलो. ऑफिसात हे सोपं गेलं. पहिल्याच आठवड्यात टेबलावर लग्नाचा फोटो ठेवला आणि विषय संपला. इथे ऐंशीच्या घरातले लोक, दक्षिणेत वाढलेले. शहरातल्या द टेंपल या सिनेगॉगमध्ये 12 ऑक्टोबर 1958 ला बॉम्बस्फोट झाला तो त्यांतल्या काहींना आठवतो. तिथले रब्बी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी उघड बोलायचे म्हणून. 1915 मध्ये इथून जवळच मॅरिएटात लिओ फ्रँक या ज्यू माणसाला झुंडीनं फाशी दिली, ते त्यांनी आईबापांकडून ऐकलेलं. फार चर्चा न करता, फार दिसायला न जाता जगायचं, हे त्यांच्या हाडात आहे. शेवटी प्रश्न त्यांच्याकडूनच आला. गुरुवारी तोरा वाचून झाल्यावर कॉफी पिताना दंतवैद्य म्हणाले, "बायको काय करते?" मी म्हटलं, "नवरा. घरूनच काम करतो, सॉफ्टवेअरमध्ये." ते कॉफी ढवळत राहिले. मग म्हणाले, "घरूनच? म्हणजे सकाळी मोकळा असेल. ज्यू आहे?" मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा खरोखर पडला. "अरेरे," म्हणाले, "गुरुवारी आपल्याला एक कमी पडतो."

आता हे ऐकून कोणाला वाटेल की सगळे असेच उदार होते. नव्हते. एक गृहस्थ त्यानंतर माझ्याशी बोलेनासे झाले. प्रार्थनेत माझ्या कद्दीशला 'आमेन' म्हणतात, कारण ते म्हणावंच लागतं, आणि पार्किंगमध्ये मान वळवतात. सुरुवातीला लागायचं. आता वाटतं, ठीक आहे, ठाण्यातही एक काका असेच होते, आणि त्यांच्यासकट मिन्यान पूर्ण व्हायचा.

नवऱ्याला मात्र तिथे काही करायला नव्हतं. त्याच्यासाठी, आणि शुक्रवारच्या संध्याकाळीसाठी, आम्ही काँग्रेगेशन बेट हावेरिमकडे वळलो. 1985 मध्ये अटलांटातल्या गे आणि लेस्बियन ज्यूंनी सुरू केलेलं, रिकन्स्ट्रक्शनिस्ट. आज तिथे सगळ्या प्रकारची कुटुंबं आहेत. त्यांचं गायकवृंद प्रसिद्ध आहे, आणि माझ्या मेथडिस्ट नवऱ्याला चार सुरांत गायला मिळालं की त्याला भाषा हिब्रू आहे की लॅटिन याचं सोयरसुतक नसतं. आता तो मला चाली शिकवतो. माझ्यापेक्षा त्याचीच तिथे ओळख जास्त आहे. लोक मला 'त्याचा नवरा' म्हणून ओळखतात. हा भाग पटकन सांगून टाकतोय, कारण तिथे सगळं सुरळीत झालं आणि सुरळीत गोष्टींबद्दल लिहायला काही नसतं.

गे वर्तुळांत जाणं मला जास्त अवघड गेलं, हे कबूल करतो. अटलांटाचा प्राइड, म्हणजे गे लोकांचा उत्सव, जूनमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये असतो. 2024 साली योम किप्पुर शनिवारी 12 ऑक्टोबरला आला, आणि परेड रविवारी 13 ला. आजी ज्याला दारफाळणीचा सण म्हणायची, तो दिवस पूर्ण उपाशी काढला आणि दुसऱ्या दिवशी पीचट्री स्ट्रीटवर उन्हात उभा राहिलो. गळ्यात मागेन डेव्हिड, म्हणजे ज्यूंचा दावीदाचा तारा, होता. एका गटातल्या तरुणानं नाव विचारायच्या आधी इस्रायलबद्दल माझं मत विचारलं. 2017 मध्ये शिकागोच्या डाइक मार्च या लेस्बियन मोर्चातून इंद्रधनुष्यावर दावीदाचा तारा असलेले झेंडे घेतलेल्या बायकांना निघून जायला सांगितलं होतं, ते मी वाचलेलं होतं. माझे चुलतभाऊ अश्दोदला आहेत, मावशी दिमोनाला. नेतान्याहू सरकारबद्दल माझी मतं आहेत, गाझात मरणाऱ्या मुलांबद्दलही आहेत, आणि ती मी जेवायला बसलो तर तासभर सांगेन. पण दारात परीक्षा म्हणून नाही सांगणार. बेने इस्राएल लोकांना दारातल्या परीक्षा नव्या नाहीत. इस्रायलमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बींनी आमच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी लावली होती, आणि 1964 मध्ये संसदेनं ठराव करेपर्यंत आमच्या लोकांनी आंदोलनं केली. त्या तरुणाला मी एवढंच म्हटलं की काल पाणीसुद्धा प्यायलो नाही, आधी लिंबूसरबत कुठे मिळतं ते सांग. त्यानं दाखवलं. पुढे दोस्ती वगैरे झाली नाही.

मराठी मंडळींकडे गणपतीला जातो. दोघेही जातो. तिथे मी ज्यू असणं ही नवलाई आणि नवरा असणं हा न बोलण्याचा विषय. आरतीनंतर एका काकूंनी नवऱ्याच्या ताटात तिसरा मोदक वाढला आणि मला विचारलं, "तुमचे हे मित्र फार हडकुळे आहेत हो." मी दुरुस्ती केली. त्यांनी चौथा वाढला.

कद्दीशचे महिने कधीच संपले. गुरुवारी मी अजून जातो, कारण गुरुवारी एक कमी पडतो. गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलाचा मेसेज आला: मुंबईचा, ज्यू, गे, शार्लटला नोकरी लागलीय, सिनेगॉग कसं शोधू? झेंडे, वेबसाइट, कोणाचे रब्बी किती प्रागतिक, अशी लांबलचक यादी त्यानं केली होती. मी लिहिलं की ती बाजूला ठेव, जवळच्या तीन सिनेगॉगना फोन कर आणि विचार की आठवड्यातल्या सकाळी मिन्यान जमतो का. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "जमतो, पण दोन कमी पडतात, तू कधी येतोस?" सकाळी पावणेसातला सुरू होतो म्हणे. त्याला मी ओळखतो. दहाच्या आत तो कधी उठलेला नाही.